अंगणातली पाटी आणि लेकीचा अबोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका साठीच्या उंबरठ्यावर आहेत. सत्तावीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत गेल्या. आता दोघंही तिथले नागरिक आहेत आणि फिलाडेल्फियाजवळ बक्स काउंटीत राहतात. एकुलती एक लेक फिलाडेल्फियात सरकारी शाळेत शिकवते. तिला चार वर्षांचा मुलगा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवऱ्याने घरासमोरच्या हिरवळीवर ट्रम्प यांच्या नावाची पाटी लावली. मतदान आठवड्यावर आलेलं असताना लेक दिवाळीच्या फराळाला आली आणि तिने ती पाटी पाहिली. "माझ्या वर्गातल्या पोरांना देशाबाहेर काढू म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही मत देणार?" असं तिने विचारलं. "मी रांगेत उभा राहून आलोय, कुंपण ओलांडून नाही," असं वडील म्हणाले. फराळ ताटात तसाच राहिला. तेव्हापासून लेक फक्त आईशी बोलते, नातवाला घेऊन बाहेरच भेटते, घरात येत नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही दोन तट पडले आहेत. येत्या फेब्रुवारीत नवऱ्याची एकसष्टी आहे आणि लेकीने "मी येणार नाही" असं कळवलं आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "खरं सांगायचं तर मी ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस यांना मत दिलं. ह्यांना वाटतं मी त्यांच्याबरोबर आहे. लेकीलाही तसंच वाटतं. एवढ्याशा पाटीवरून घर तुटलं. मी कुणाची बाजू घेऊ? आणि माझं मत सांगू की नको?"

ताई,

पत्राचा शेवटचा भाग तुम्ही जवळजवळ क्षमा मागत लिहिलाय, म्हणून आधी तोच घेते. तुम्ही कुणालाही फसवलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत. मतदार कुठली चिठ्ठी पेटीत टाकतोय ते त्याच्या मालकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दिसायचं. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका राज्यभर लागू केली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. ती आली ते दुबळ्या माणसाला कुणाच्या धाकाशिवाय मत देता यावं म्हणून. २०२४ च्या प्रचारात एका जाहिरातीने बायकांना मुद्दाम आठवण करून दिली होती की आत काय केलंत ते बाहेर नवऱ्याला सांगायची सक्ती नाही. त्यावर गदारोळ झाला. टीव्हीवरच्या एका निवेदकाने तर असं लपवणं म्हणजे परपुरुषाशी संबंध ठेवण्यासारखंच, असं म्हटलं. तुमच्यासारख्या बायका असणार हे दोन्ही बाजूंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मत न सांगणं हा तुमचा हक्क आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गेलं वर्षभर या घरात दोनच मतं आहेत असं सगळे धरून चालले आहेत. यजमानांचं एक, लेकीचं एक. तुम्ही त्या दोघांमध्ये निरोप नेता-आणता, शब्द गाळता, धार कमी करता. लेकीला सांगता की बाबा मनाने तसे नाहीत, आणि यजमानांना सांगता की ती दमलेली आहे, शाळेत ताण असतो. दोघांपैकी कुणालाही तुम्ही विचारलेलं नाही की तुम्हाला स्वतःला काय वाटतं याची त्यांना कल्पना आहे का. बाजू कुणाची घेऊ, हा प्रश्न दोनच बाजू आहेत असं धरून उभा आहे. तिसरी बाजू तुमची आहे आणि ती अजून कुणी ऐकलेली नाही.

आता लेकीबद्दल. 'एवढ्याशा पाटीवरून' असं तुम्ही लिहिलंय, तो शब्द जरा बाजूला ठेवा. १० सप्टेंबर २०२४ ला ट्रम्प आणि हॅरिस आमनेसामने बोलले ते तिच्याच शहरात, फिलाडेल्फियात. त्या मंचावरून ट्रम्प म्हणाले की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक रहिवाशांची कुत्री-मांजरं खातात. याला काहीही पुरावा नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी पुढच्या दिवसांत त्या गावात बॉम्बच्या धमक्या आल्या आणि शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. शिक्षिका ही बातमी ऐकते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर वर्ग येतो, बाकावरची मुलं येतात. नव्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा जागी धरपकड टाळण्याचं जुनं धोरण मागे घेतलं. दिवाळीत ती ज्याला भीत होती त्यातलं काही तिच्या शाळेच्या दारापाशी येऊन ठेपलं. तिच्या वर्गातल्या कुठल्या मुलाच्या घरी कागदपत्रं अपुरी आहेत, हे तिला माहीत असेल आणि ते ती तुम्हाला सांगूही शकत नसेल. हे ओझं घेऊन ती घरी आली आणि दारातच ती पाटी दिसली.

तिची समजूत काढताना 'मत काय, एक मत' असं कृपा करून म्हणू नका. तुमच्या काउंटीत तर मुळीच नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बक्स काउंटीत ट्रम्प आणि हॅरिस यांच्यातला फरक तीनशे मतांच्याही आत होता. १९८८ नंतर पहिल्यांदाच त्या निवडणुकीत ही काउंटी रिपब्लिकन उमेदवाराच्या, म्हणजे ट्रम्प यांच्या मागे गेली. मत ही कृती असते. वडिलांच्या कृतीबद्दल वडिलांना जाब विचारण्याचा तिला अधिकार आहे, जसा तिच्या वडिलांना तिला विचारण्याचा आहे.

तुमच्या यजमानांचं वाक्यही मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मी रांगेत उभा राहून आलोय.' या एका वाक्यात किती वर्षं आहेत ते ज्यांनी ती काढली त्यांनाच कळेल. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांच्या आसपास, अशी मर्यादा असल्याने भारतीयांची रांग आज दशकांची झाली आहे. तुमच्या वेळी ती इतकी लांब नव्हती, पण नोकरी गेली तर संसार गुंडाळून परत जावं लागेल हा धाक तेव्हाही होताच. जो माणूस नियमाला धरून, जीव मुठीत घेऊन राहिला, त्याला सीमेवरची बेबंद गर्दी टीव्हीवर पाहताना आपल्या सचोटीची किंमत शून्य झाली असं वाटू शकतं. त्यात महागाई आली. जून २०२२ मध्ये अमेरिकेतला महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. निवृत्तीचे पैसे मोजणाऱ्या माणसाला तो आकडा झोपू देत नाही. ही कारणं खोटी नाहीत.

पण त्या कारणांवरून ते ज्या निष्कर्षाला आले तो एकमेव निष्कर्ष होता, असं मला वाटत नाही. स्प्रिंगफील्डमध्ये ज्यांच्याबद्दल ट्रम्प बोलले ती हैतीहून आलेली कुटुंबं बहुतांशी कायदेशीर परवान्यावर राहत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कुशल परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं तेव्हा फटका बसला तो रांगेत उभ्या असलेल्यांना, म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या यजमानांसारख्या तरुणांना. त्यांना याबद्दल काय वाटलं, हे तुम्ही विचारलंत का? त्यांचं मत बदललं असेल असं मी धरून चालत नाही. अस्वस्थ असतील, किंवा त्यांच्याकडे त्याचंही उत्तर असेल. पण निवडणुकीनंतर वर्षभर एकाच छताखाली राहून हा प्रश्न घरात निघालेला नाही, हे मला पाटीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

ट्रम्प यांच्याबद्दल दोन माणसं इतकं वेगळं कसं पाहू शकतात, याचं कोडं अमेरिकेलाही २०१५ पासून पडलेलं आहे. त्या वर्षी १६ जूनला उमेदवारी जाहीर करतानाच ते मेक्सिकोहून येणाऱ्यांबद्दल 'गुन्हे घेऊन येतात, बलात्कारी आहेत' असं बोलले. एरवी असा उमेदवार तिथेच संपला असता. सप्टेंबर २०१६ मध्ये सलीना झिटो या पत्रकार बाईंनी लिहिलं की वृत्तपत्रं ट्रम्प यांचे शब्द शब्दशः घेतात पण माणसाला गांभीर्याने घेत नाहीत, आणि त्यांचे समर्थक त्यांना गांभीर्याने घेतात पण शब्द शब्दशः घेत नाहीत. तुमच्या घरात नेमकं हेच झालंय. यजमान म्हणतील, 'ते बोलण्याची पद्धत आहे, मुद्दा बघ.' लेक म्हणेल, 'जे बोलले तेच केलं.' मला झिटोबाईंचं निरीक्षण पटतं, पण अर्धंच. शब्द शब्दशः घ्यायचे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक ज्यांच्यावर ते शब्द पडत नाहीत त्यांना असते. स्प्रिंगफील्डच्या शाळकरी मुलांना ती नव्हती. यजमानांशी बोलायची वेळ येईल तेव्हा हा मुद्दा तुम्ही मांडू शकता. तो वाचलेला नव्हे, तुमच्या मनातला असेल तर.

याचं आणखी जवळचं उदाहरण तुमच्याच काउंटीतलं आहे. २० ऑक्टोबर २०२४ ला ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये आले, एप्रन बांधून तळलेले बटाटे भरले आणि खिडकीतून गाडीवाल्यांना पाकिटं दिली. बाहेर रस्त्यावर समर्थकांची गर्दी लोटली होती. त्यांना दिसला तो साध्या माणसाच्या कामाला न लाजणारा श्रीमंत. विरोधकांना दिसलं की दुकान त्या वेळी नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बंद होतं आणि गाड्यांतले लोक आधीच ठरवलेले होते. दोन्ही खरं होतं. पण एकाच गावातली माणसं त्या संध्याकाळी दोन वेगळ्या बातम्या घेऊन घरी गेली, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याला हे दिसत कसं नाही.

तिथून पुढची पायरी फार निसरडी असते. ज्याला माझ्यासारखं दिसत नाही तो मूर्ख असेल, नाहीतर दुष्ट, नाहीतर आजारी. लेक बाबांबद्दल 'ब्रेनवॉश झालेत, काहीतरी मानसिक आहे' असं म्हणते, हे तुम्ही लिहिलंय. मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे या वाक्याशी थांबणं मला भाग आहे. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने बॅरी गोल्डवॉटर यांना उभं केलं. अणुबॉम्बबद्दलच्या त्यांच्या बोलण्याने अर्धा देश धास्तावला होता. एका मासिकाने देशातल्या १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस मानसिकदृष्ट्या अध्यक्षपदाला योग्य आहे का? २,४१७ जणांची उत्तरं आली आणि १,१८९ जणांनी 'नाही' असं सांगितलं. ज्या माणसाला त्यांनी कधी तपासलं नव्हतं त्याच्यावर हा शिक्का होता. गोल्डवॉटर निवडणूक मोठ्या फरकाने हरले, पण मासिकावरचा खटला जिंकले आणि ७५,००० डॉलरची दंडात्मक भरपाई त्यांना मिळाली. १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही. तो नियम आजही 'गोल्डवॉटर नियम' म्हणून ओळखला जातो. उमेदवाराला जिथे तज्ज्ञांनी असं लेबल लावू नये, तिथे त्याला मत देणाऱ्या बापाला लेकीने लावू नये. आणि यजमानांनीही 'शाळेने हिचं डोकं फिरवलंय' हे बंद करावं. तेही निदानच आहे.

शिक्के मारून काही साधतही नाही. ९ सप्टेंबर २०१६ ला ट्रम्प यांच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधल्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमात म्हणाल्या की ट्रम्प यांचे निम्मे समर्थक हे 'शोचनीय माणसांच्या टोपलीत' टाकता येतील. काही दिवसांत समर्थक तेच नाव छापलेले टी-शर्ट घालून सभांना येऊ लागले. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिकोला कचऱ्याचं बेट म्हटलं. त्यावर संतापलेल्या तेव्हाच्या अध्यक्ष बायडेन यांच्या तोंडून समर्थकांसाठी 'कचरा' हा शब्द निघाला, निदान बहुतेकांनी तसाच ऐकला. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसून कॅमेऱ्यासमोर आले. ज्या माणसाला दोन मुद्द्यांवर शंका होती, त्यालाही असा अपमान झाल्यावर आपल्या गटात जाऊन उभं राहावंसं वाटतं. तुमचे यजमान त्या दिवाळीपर्यंत किती ठाम होते आणि फराळाच्या टेबलावर किती ठाम झाले, याचा विचार करून पाहा. तुम्ही त्यांना चाळीस वर्षं ओळखता.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात. लेकीने इंजिनिअरिंग सोडून शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हाही बापलेकीत दोन वर्षं अबोला होता. तो कसा मिटला, हे तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं मिटला नाही, झाकला गेला. तिने वडिलांना विचारलेला प्रश्न 'माझ्या वर्गातल्या पोरांना' असा सुरू होतो. ज्या कामाला वडिलांनी एकदा कमी लेखलं, त्याच कामातल्या मुलांच्या विरोधात त्यांनी पुन्हा कौल दिला, असं तिला वाटलं असेल का? म्हणून 'ट्रम्पनी आमचं घर तोडलं' हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. भेग जुनी होती. पण हे तुम्ही लेकीला सांगायला जाऊ नका. 'तुझा राग राजकारणाचा नाहीच, तो जुना आहे' असं म्हणालात तर तिच्या खऱ्या, आजच्या काळजीवर पाणी पडेल. दोन्ही दुःखं एकाच वेळी खरी असू शकतात. हे कळायला हवं ते तुमच्या यजमानांना. आणि तेही तुमच्या सांगण्याने नव्हे, तिच्या कामाबद्दल तिला कधी नीट विचारलं तर.

असं फक्त तुमच्याच घरात होतंय असं समजू नका. १९६० च्या सुमारास अमेरिकेत लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का? 'हो' म्हणणारे दोन्ही पक्षांत ५ टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश 'हो' म्हणाले. हे ट्रम्प यांच्या आधीचं आहे. आपल्या लोकांबद्दल म्हणाल, तर कार्नेगी या अभ्याससंस्थेने २०२४ च्या निवडणुकीआधी केलेल्या पाहणीत भारतीय वंशाच्या मतदारांपैकी सुमारे ६० टक्के हॅरिस यांच्या बाजूला होते आणि ३० टक्क्यांहून थोडे अधिक ट्रम्प यांच्या. ट्रम्प यांच्याकडचा कल वाढलेला ठळकपणे दिसला तो चाळिशीच्या आतल्या पुरुषांत. म्हणजे 'म्हातारे तिकडे, तरुण इकडे' हा हिशोबही खरा नाही. मुलगा ट्रम्पवाला आणि आईवडील हादरलेले, अशीही पत्रं मला येतात. त्यांनी हे उत्तर उलटं करून वाचावं.

मग करायचं काय? 'घरात राजकारण बोलायचं नाही' हा नियम बहुतेक घरं करतात. एकसष्टीच्या दिवसापुरता तो चालेल. कायमचा नियम म्हणून मला तो धोक्याचा वाटतो, कारण तुमच्या घरात तो वर्षभर चालूच आहे आणि त्याचंच हे फळ आहे. दुसरा मार्ग, कुणीतरी माफी मागावी. मत दिल्याबद्दल यजमान माफी मागणार नाहीत आणि मागूही नये, न पटता मागितलेली माफी लेकीलाही नको असेल. बोलण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मागता येते. त्या दिवशी ते काय स्वरात बोलले, हे त्यांना आठवत असेल. तिसरा मार्ग लेकीने सध्या धरलाय तो, अंतर ठेवण्याचा. त्याला सरसकट चूक म्हणणार नाही. बाबांनी तिच्यासमोर तिच्या विद्यार्थ्यांबद्दल हिणकस बोललं, किंवा नातवासमोर तसं काही म्हटलं, तर तिने उठून जावं, आणि तुम्ही तिला थांबवू नये. पण असं वागणं घडलं तर उठून जाणं वेगळं, आणि मत काय दिलं यावरून दार कायमचं लावणं वेगळं. हा फरक तिच्यासमोर ठेवायला हरकत नाही. ती पटवून घेईल की नाही, हे तिच्यावर सोडा.

आणि तुमचं मत? माझा सल्ला आहे की सांगा, पण क्रम सांभाळा. आधी यजमानांना, एकांतात. लेकीला आधी सांगितलंत तर ते दोघींनी मिळून केलेला कट होईल आणि एक दिवस तो भांडणात हत्यार म्हणून बाहेर येईल. सांगताना आकडे, बातम्या, व्हिडिओ काही नको. 'मी तुमच्यासारखं मत दिलं नाही. मला स्प्रिंगफील्डचं ऐकून आपल्या लेकीची शाळा आठवली,' किंवा जे तुमचं खरं कारण असेल ते, एवढंच. मग त्यांना विचारा, 'तुम्हाला कशाने वाटलं?' 'तुम्ही असं करूच कसं शकलात' असं नको. आणि उत्तर येईल ते पूर्ण ऐका, मध्ये दुरुस्त्या करू नका. त्यात काही चुकीचं असेल, उदाहरणार्थ २०२० ची निवडणूक चोरली गेली असं ते म्हणाले, तर त्याच दिवशी नको, पण सोडूनही देऊ नका. त्या निकालाविरुद्ध साठाहून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले, त्यातले काही ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांनी. हे शांतपणे सांगता येतं. ते चिडतील, गप्प होतील, दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मान वर करणार नाहीत. तुम्ही तेवढं सोसू शकाल का, हे मात्र तुम्हीच ठरवा. तुमच्या पत्रात त्यांच्या धाकाचा उल्लेख कुठे नाही, म्हणून मी हा सल्ला देतेय. ज्या वाचक भगिनींच्या घरी मत सांगणं म्हणजे मार किंवा पैशाची कोंडी असेल, त्यांनी मुळीच सांगू नये. गुप्त मतपत्रिका त्यांच्यासाठीच आहे.

लेकीला नंतर सांगा, यजमानांना सांगून झाल्याचं कळवूनच. ती कदाचित आधी चिडेल. 'मग वर्षभर गप्प का होतीस?' असं विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तयार करून ठेवू नका, जे येईल ते बोला.

मंडळाच्या ग्रुपबद्दल थोडंच. तुमचं मंडळ करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून, म्हणजे ५०१(सी)(३) खाली नोंदलेलं असेल, तर १९५४ पासूनच्या कायद्याने मंडळाला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. सभासदांची खाजगी मतं वेगळी, पण मंडळाच्या अधिकृत ग्रुपवर प्रचाराचे फॉरवर्ड थांबवायला कार्यकारिणीकडे हे स्वच्छ कारण आहे आणि त्यात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. ज्यांना वाद घालायचाच आहे त्यांनी वेगळा ग्रुप काढावा. गणपतीचं जेवण आणि वर्गणीचा हिशोब एका जागी राहू द्या. माणसाला समोरासमोर जे बोलणार नाही ते तिथे लिहू नये, एवढी एक सवय लागली तरी बरंच निभेल.

राहिली एकसष्टी. 'येणार नाही' असं लेकीने तुम्हाला कळवलंय, वडिलांना नाही. आणि बोलावणंही आजवर तुमच्याकडूनच गेलंय. यात बदल करा. यजमानांना सांगा, की ती यावी असं वाटत असेल तर फोन तुम्हीच करा. फोनवर निवडणूक नको, माफी नको. तिच्या वर्गात यंदा किती मुलं आहेत, काय शिकवते आहेस, इतकं विचारलं तरी चालेल. त्या मुलांची नावं सांगायला लागली तर ऐकून घ्या, म्हणावं. ती आली तर दिवसभरासाठीच बोलवा, मुक्कामाचा आग्रह नको, आणि मंडळातल्या वादप्रिय मंडळींना तिच्या शेजारी बसवू नका. ती नाही आली तरी नातवाला भेटायला यजमानांनी फिलाडेल्फियाला जावं, त्यांनी एकट्याने. हे सगळं करताना ते तुम्हाला म्हणतील, 'तूच लाव ना फोन, मग मी बोलतो.' तुम्ही लावू नका.